शुक्र्या, कोफी आणि बुधाजी

संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं नाव आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर शुक्र्या. ८ एप्रिल १९३८ रोजी घानातल्या कुमासी शहरात ते जन्मले. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि घानातल्या अकान लोकांमध्ये शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफीच असतो. त्यावर घरात चर्चा होत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. त्यांच्याबरोबर जुळी बहीण जन्मली, तिचं नाव एफुआ. तेही शुक्रवारचंच, मुलीचं. जुळी म्हणून दोघांच्या नावाला ‘आटा’ जोडलं गेलं. हीच भावंडं पळस्प्याच्या आसपासच्या एखाद्या कातकरी किंवा ठाकर वाडीत जन्मली असती, तर शुक्र्या आणि शुक्री म्हणून वाढली असती.

मी पळस्प्याची. पनवेल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये प्राथमिक शिक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पळस्पे फाटा महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असतो, कारण जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरून गोव्याचा महामार्ग इथे सुटतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या इथेच अडकतात, बातम्यांमध्ये गावाचं नाव तेवढ्यापुरतं येतं. रस्त्याच्या कडेने आता कंटेनर यार्डं झाली आहेत. त्यांच्या मागून कर्नाळ्याच्या सुळक्याच्या दिशेने निघालं की वाड्या लागतात. माझ्या हजेरीपटावरची मुलं या वाड्यांमधली. पट वाचताना निम्मा आठवडा वाचून व्हायचा : सोम्या, सोमी, मंगळ्या, मंगळी, बुध्या, बुधी, शुक्र्या, शुक्री. रविवारची आणि गुरुवारची नावं मला क्वचित भेटली. बुधवारची मात्र भरपूर. एका वर्गात दोन बुध्या असले की मोठा बुध्या आणि धाकटा बुध्या. अकान लोकही हेच करतात. एकाच वारी जन्मलेल्यांत थोरल्याला ‘पान्यिन’ आणि धाकट्याला ‘कुमा’ असं पुढे लावतात. कधी बापाचं नावही वाराचं असायचं, मग मुलाच्या पूर्ण नावात दोन पिढ्यांचे दोन वार शेजारी शेजारी बसायचे.

हे नाव ठेवतं कोण? कुणीच नाही, असं म्हटलं तरी चालेल. आपल्या घरांतली पद्धत आठवून बघा. बाळ जन्मलं की वेळ टिपून ठेवायची, नक्षत्र आणि त्याचा चरण काढायचा, त्या चरणाचं अक्षर बघायचं, मग त्या अक्षरावरून जन्मनाव. बाराव्या दिवशी पाळणा, आत्याने कानात सांगायचं ते व्यवहाराचं नाव वेगळंच. त्यासाठी पंचांग लागतं, पंचांग वाचणारा लागतो, आणि त्याला द्यायला दक्षिणा लागते. वाडीत यातलं काही नव्हतं. सुईण बाळाची नाळ कापायची, आणि त्या दिवशी जो वार असेल तो बाळाला आपोआप चिकटायचा. पाचवी पूजायच्या आधीच सगळी वाडी त्याला बुध्या म्हणायला लागलेली असायची. हे नाव आईबापांनी हौसेने निवडलेलं नसतं, म्हणून ते कमी जिव्हाळ्याचं असतं असं मात्र नाही. ज्या दिवशी तू आलास तो दिवस तुझा, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

अकान लोकांनी हाच विचार फार खोल नेला आहे. त्यांच्याकडे वाराच्या नावाला ‘क्रादिन’ म्हणतात, आणि ‘क्रा’ म्हणजे माणसाचा आत्मा. माणूस जन्माला येतो तो आत्म्याला ज्या वाराने निरोप दिला त्याचं नाव घेऊन, अशी त्यांची समजूत. म्हणून हे नाव जन्माबरोबर मिळतं. बापाच्या घराण्यातलं दुसरं नाव आठव्या दिवशी, बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात तेव्हा ठेवतात. त्या वेळी बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब ठेवतात, मग मद्याचा, आणि त्याला सांगतात की पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे, मद्य म्हणशील तेव्हा मद्यच. आयुष्यातला पहिला धडा खरं बोलण्याचा. मी शिक्षिका, मला ही रीत फार आवडते.

सातही वारांची जोडी सांगते. रविवारचा मुलगा क्वासी, मुलगी अकोसुआ. सोमवारचा कोजो, मुलगी अद्वोआ. मंगळवारचा क्वाबेना, अबेना. बुधवारचा क्वाकू, अकुआ. गुरुवारचा याव आणि मुलगी या. शुक्रवारचा कोफी आणि अफुआ. किनाऱ्याकडचे लोक तिलाच एफुआ म्हणतात. शनिवारचा क्वामे आणि अमा. देवसुद्धा यातून सुटलेले नाहीत. आकाशातला थोर देव न्यामे शनिवारचा, म्हणून त्याला क्वामे म्हणतात. धरणीमाता गुरुवारची, असासे या. गुरुवारी शेतात नांगर-कुदळ लावायची नाही, धरणीला विसावा द्यायचा, ही प्रथा त्यातूनच आली. त्यांच्या गोष्टींमधला लबाड कोळी, ज्याच्या कथा गुलामांबरोबर समुद्र ओलांडून वेस्ट इंडीजला गेल्या, त्याचं पूर्ण नाव क्वाकू अनान्से. म्हणजे तो बुध्या. बुधवारी जन्मलेली मुलं तापट आणि चळवळी असतात असं अकान लोक मानतात, आणि सोमवारची शांत. गुस्ताव जहोदा या मानसशास्त्रज्ञाने कुमासीच्या बालन्यायालयातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला क्वाकू नावाची मुलं खरोखरच जास्त आढळली आणि कोजो कमी. १९५४ साली त्याने ते छापलं. मुलाला जन्मापासून तू असाच आहेस म्हणून सांगत राहिलं की काय होतं, याचा तो पुरावा आहे असं मला वाटतं. शिक्षकांनी तो निबंध जरूर वाचावा.

आमच्या वाड्यांमध्ये वारावरून स्वभाव ठरवताना मी कुणाला ऐकलं नाही. बुध्याने खोडी केली तर तो बुधवारचा म्हणून केली असं कुणी म्हणत नाही. आणि मंगळवाराची भीती तर नाहीच. आपल्याकडे पत्रिकेत मंगळ निघाला की मुलीचं लग्न अडतं, शिकलेल्या घरांत अडतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ‘मुलगी मंगळी आहे’ हे वाक्य दबक्या आवाजात बोललं जातं. इथे आई भर अंगणातून मोठ्याने हाक मारते, ये मंगळे, भाकर खाऊन घे. आणि मंगळी धावत येते.

वारावरून नाव ठेवणारे हे दोघेच नाहीत. नंदुरबारकडच्या भिल्लांमध्ये रविवारचा दित्या, कारण तिथे रविवार म्हणजे दितवार. शनिवारचा थावऱ्या, कारण शनिवार म्हणजे थावर. गडचिरोलीत आयतू भेटतो, तो आयतवारचा. झारखंडात एतवा, सोमरा, मंगरा, बुधू, सुकरा. १८३२च्या सुमाराला इंग्रजांशी लढताना मेलेला उरांवांचा पुढारी बुधू भगत, हा बुधवारचाच. ६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाचं उद्घाटन नेहरूंनी ज्या संथाळ मजूर मुलीच्या हातून बटण दाबून घेतलं ती बुधनी. आणि सगळ्यांत मोठं नाव बिरसा. आपल्या प्रत्येक आश्रमशाळेच्या भिंतीवर बिरसा मुंडांचा फोटो असतो. बिरसा हे नाव बृहस्पतवारावरून आलं असं मुंडा लोक सांगतात. सरकारी नोंदीतली जन्मतारीख १५ नोव्हेंबर १८७५ आहे, आणि त्या तारखेला सोमवार येतो. मग चूक कुणाची, नावाची की तारखेची? तारीख नंतर कुणीतरी कागदावर लिहिली. नाव आईच्या तोंडी होतं. माझा कल नावाकडे आहे.

बिरसा रांचीच्या तुरुंगात ९ जून १९०० रोजी वारले. त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, घानात एजिसूची राजमाता या असांतेवा इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरली होती. गव्हर्नरने अशांती लोकांचं पवित्र सोन्याचं सिंहासन मागितलं, पुरुष कचरले, आणि ही बाई पुढे झाली. पकडल्यावर तिला सेशेल्स बेटांवर पाठवलं, तिथेच १९२१ साली ती वारली. तिच्या नावातला ‘या’ म्हणजे गुरुवार. एकाच साम्राज्याशी एकाच वर्षी झगडलेली गुरुवारची दोन माणसं, एकमेकांचं नावही न ऐकलेली. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन पानं शेजारी कधी आली नाहीत, म्हणून मी वर्गात ती शेजारी लावून सांगत असे.

आणि आमचा स्वतःचा गुरुवारही आहे. २५ सप्टेंबर १९३०, चिरनेरचा जंगल सत्याग्रह. चिरनेर उरण तालुक्यातलं, पळस्प्यापासून जवळच. अक्कादेवीच्या डोंगरावर झाडं तोडायला गेलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता, हे नाव रायगडात सगळ्यांना माहीत आहे. त्याच यादीत खोपट्याचे हसुराम बुधाजी घरत आहेत. हसुरामांच्या वडिलांचं नाव बघा. बुधाजी म्हणजे कुणा आगरी घरात बुधवारी जन्मलेलं मूल, ज्याच्या नावापुढे मोठेपणी ‘जी’ लागलं. म्हणजे वाराची नावं फक्त वाडीतली नव्हेत. सोमाजी, बुधाजी, मंगळाबाई ही आगऱ्यांच्या, कोळ्यांच्या, कुणब्यांच्या घरांतल्या जुन्या सातबारांवर सापडतात. आपण ती दोन पिढ्यांत पुसून टाकली. उलट पळस्प्याच्या पलीकडे शिरढोणला, वासुदेव बळवंत फडक्यांच्या घरात, वाराचा नावाशी संबंध नव्हता. ते ४ नोव्हेंबर १८४५ला जन्मले, तो मंगळवार होता, पण नाव देवाचं. पंचांग असलेलं घर आणि नसलेलं घर, असा तो फरक.

पण पंचांग नसलेल्या घराला तरी वारच का आठवावा, तिथी का नाही, तारीख का नाही? याचं उत्तर मला वीटभट्टीवर मिळालं. कातकरी हे मूळचे खैराच्या झाडापासून कात पाडणारे. त्यावरूनच त्यांचं नाव. जंगल सरकारच्या ताब्यात गेलं, कात गेला, कोळसा पाडायचं कामही गेलं, आणि दिवाळीनंतर सगळी वाडी उचल घेऊन भट्टीवर जायला लागली. उचल म्हणजे मालकाने आधीच दिलेली रक्कम. ती फिटेपर्यंत काम करायचं. मधल्या काळात पोटापुरती मिळते ती खर्ची, आणि खर्ची मिळते आठवड्याला, ठरलेल्या वारी. त्या वारी बाजार, त्या वारी मीठ-मिरची, त्या वारी सुकट. महिना संपला काय नि सुरू झाला काय, घरात फरक पडत नाही. वार चुकला तर चूल पेटत नाही. अशा घरात मूल कधी झालं हे वाराने लक्षात राहणार, दुसऱ्या कशाने राहील?

सात दिवसांचा आठवडा तसा आपल्याकडेही बाहेरूनच आला, ग्रहांच्या ज्योतिषाबरोबर. भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना शिलालेख मध्य प्रदेशात एरणला आहे, राजा बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४चा. त्यात आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार कोरलेला आहे. राजाने दगडावर कोरून ठेवावा असा तो नवा मोलाचा दागिना होता. पुढे तो गोरगरिबांच्या घरातलं रोजचं भांडं झाला. अकान लोकांकडे सात दिवसांच्या जोडीला जुना सहा दिवसांचा आठवडाही आहे, आणि दोन्ही एकमेकांत गुंफून बेचाळीस दिवसांचं चक्र होतं, त्यावर त्यांचे पूर्वजांचे सण चालतात.

आता शाळेच्या दाखल्याकडे येते, कारण माझं खरं बोलणं त्याबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हजारो माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. मूल शाळेत आलं, जन्माचा कागद नाही, मग गुरुजींनी वय अंदाजाने धरलं आणि तारीख लिहिली १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, सहा वर्षं पूर्ण दाखवायची असतात, एवढाच त्यामागचा हिशेब. वाडीतल्या मुलांना तर सरसकट हीच तारीख. मी एकदा जुन्या नोंदवहीत एका बुध्याची जन्मतारीख १ जून १९७८ अशी लिहिलेली पाहिली. त्या दिवशी गुरुवार होता. रकान्यात तारीख खोटी, शेजारच्या रकान्यात नाव खरं, आणि दोन्ही एकाच शाईत.

घानाचे पहिले पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची गोष्ट अशीच आहे. पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांची जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९ लिहिली. तो मंगळवार होता. पण त्यांना माहीत होतं की आपण शनिवारी जन्मलो. आत्मचरित्रात त्यांनी हिशेब मांडला आहे : लहानपणी किनाऱ्यावर ‘बकाना’ नावाचं जहाज फुटलेलं त्यांना आठवत होतं, ते फुटलं १९१३ साली, त्यावरून वयाचा अंदाज, आणि सप्टेंबरच्या मध्याला जवळचा शनिवार येतो १८ तारखेला. म्हणून आपण बहुधा १८ सप्टेंबर १९०९चे, असं त्यांनी ठरवलं. सरकारी वाढदिवस मात्र २१चाच राहिला. पुढे इंग्लंडात गेल्यावर फ्रान्सिस हे नाव मागे ठेवून ते क्वामे म्हणून वावरू लागले. वार आणि एक लक्षात राहिलेली घटना, एवढ्यावर माणूस आपला दिवस शोधून काढतो.

मी हे वाडीत करून पाहिलं आहे. जून २०११मध्ये एक आई मुलीला पहिलीत घालायला घेऊन आली. नाव मंगळी. कागद काही नाही. शिक्षण हक्क कायदा आदल्या वर्षी लागू झाला होता, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पालकाचं प्रतिज्ञापत्र चालतं. मी विचारलं, कधीची? आई म्हणाली, “पुरात झाली बाई. मोठ्या पुरात.” मोठा पूर म्हणजे २६ जुलै २००५, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस, इकडेही नद्या, ओढे, रस्ते एक झाले होते. मी मोबाइलमध्ये पाहिलं, २६ जुलैला मंगळवार. नाव आणि पूर बरोबर जुळले. मी तारीख लिहायला घेतली, तेवढ्यात आईच म्हणाली, रात्री झाली, पार मध्यरात्र उलटून. म्हणजे घड्याळाने २७ जुलै, बुधवार. बरोबर तिची सासू आली होती, वाडीतली सुईण तीच. ती खाली पायरीवर बसली होती, तिथून म्हणाली, “दीस उगवला नव्हता, मग बुधवार कसा होईल?”

त्या म्हातारीने आयुष्यात पंचांग उघडलं नसेल, पण पंचांगही हेच सांगतं. वार बदलतो तो सूर्योदयाला, मध्यरात्रीला नव्हे. घड्याळाची मध्यरात्र आपल्याकडे रेल्वे आणि कचेऱ्यांबरोबर आली. तिने दिवा नसलेल्या, पाण्याने वेढलेल्या झोपडीत बाळंतपण केलं होतं आणि पुढे उजाडेपर्यंत जागी होती; वार कधी बदलला हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रतिज्ञापत्रावर आईने मंगळवार सांगितला, मी २६ जुलै २००५ लिहिलं. त्या वर्गात १ जूनच्या रांगेत एकटीच मंगळी आपल्या खऱ्या वाराची होती.

या नावांकडे आपण कसं बघतो, हे मला टोचत आलं आहे. ‘कुणीही सोम्यागोम्या उठतो आणि बोलतो’ हे वाक्य सभांमध्ये, वर्तमानपत्रांमध्ये, स्टाफरूममध्ये ऐकलं आहे. समोर बसलेल्या पोराचं नाव सोम्या असतं, आणि त्याला आपल्या नावाचा हा उपयोग वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी कळतो. जमैकात हेच घडलं. गुलाम म्हणून नेलेल्या अकान लोकांनी वाराची नावं टिकवली. मळ्यांच्या यादीत ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सापडतात. त्यातलं क्वासी, म्हणजे रविवारचं नाव, ‘क्वाशी’ होऊन अडाणी, खुळा माणूस या अर्थाची शिवी बनलं. मालकाने नाव उचललं आणि माणसाला हिणवायला वापरलं. पण त्याच बेटावर डोंगरात पळून गेलेल्या गुलामांचा पुढारी कुजो होता. कुजो म्हणजे कोजो, सोमवारचा. इंग्रजांना त्याच्याशी इतकी वर्षं लढावं लागलं की १७३९ साली त्यांनी त्याच्याशी तह केला आणि त्याच्या लोकांचं स्वातंत्र्य आणि जमीन मान्य केली. पुढच्या वेळी कुणी सोम्यागोम्या म्हणेल तेव्हा हा सोम्या सांगायला हवा.

दुसरं एक साम्य सांगायचं राहिलं. मुलं जगत नसली की आपल्याकडे दगडू, धोंडू, भिकाजी, केरबा, उकिरड्या अशी नावं ठेवत, म्हणजे मृत्यूची नजर जाऊ नये. अकान लोकही ठेवतात, आणि त्यांच्याकडच्या अशा एका नावाचा अर्थ उकिरडा असाच आहे : सुमिना. दोन खंडांतल्या आयांना एकच भीती आणि एकच उपाय सुचला. पण ही झाकायची नावं आहेत. वाराचं नाव उघडं असतं, त्यात काही लपवायचं नसतं. म्हणून मला दोन्ही प्रकार एका टोपलीत टाकणं पटत नाही, जरी शहरातले लोक दोन्हींना सारखंच गावंढळ समजतात.

आता वाडीत नवीन पाळणे हलतात त्यांत आरव असतो, सान्वी असते, रुद्र असतो. मला त्याचं दुःख आहे, पण मी कुठल्याही आईला बोल लावणार नाही. वसतिगृहात, कॉलेजात, कंपनीच्या गेटवर नाव सांगितलं की समोरचा ओळखतो आणि त्याचा चेहरा बदलतो, हे तिने भोगलेलं असतं. तिला लेकराला त्यातून वाचवायचं आहे. कातकरी महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. जमिनीचा तुकडा नाही, घराखालची जागाही कित्येकदा आपली नाही. त्यांनी नावं टिकवावीत आणि आपण त्यांचं कौतुक करावं, हा हट्ट धरायचा मला अधिकार नाही. मी एवढंच म्हणते की नाव टाकून द्यायची पाळी त्यांच्यावर आपण आणली. घानात माणसाच्या कागदावर इंग्रजी नाव आणि वाराचं नाव शेजारी शेजारी असतं, राष्ट्रप्रमुखापासून मासेविक्या बाईपर्यंत, आणि त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ला जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा. म्हणून वाडीतल्या आयाबायांना मी सारखी सांगत असते : जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा, नाव सुचलं नसेल तर नाव नंतर घालता येतं. एका वर्षापर्यंत त्याला पैसे पडत नाहीत, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. नोंद मात्र चुकवू नका.

निवृत्त झाल्यापासून मी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जन्मदिवस त्यांच्या नावावरून काढून एका वहीत लिहिते आहे. आठवणीचा खुंटा लागतो, मग वार त्याला बांधता येतो. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा एक मंगळ्या आहे; भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला, तो सोमवार, म्हणजे मंगळ्या १२ डिसेंबरचा. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. बहात्तरच्या दुष्काळातली, जुलै १९८९च्या पुरातली माणसं अजून लावायची आहेत. तरुणांचं काम सोपं आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा बुधवार होता. त्या दिवशीच्या एका मुलाचा दाखला व्यवस्थित आहे, तारीख, वेळ, सगळं. त्यावर नाव रुद्र. आई त्याला घरात बुध्या म्हणते. वहीत मी दोन्ही नावं लिहून घेतली.